जुनी फोर-बाय-फोर टर्बो गाडी घेताना

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ज्यांचा धंदा आठवडी बाजारावर, तेंदूपत्त्याच्या फळीवर, बांबूवर किंवा खेडोपाडी फिरून करावयाच्या दुरुस्तीवर चालतो, त्यांना आज ना उद्या जंगलातल्या रस्त्याला टिकेल अशी गाडी लागतेच. नवी गाडी प्रत्येकाच्या आवाक्यातली नसते. म्हणून जुन्या गाडीचा शोध सुरू होतो आणि दलाल सांगतो, "शेठ, फोर-बाय-फोर आहे, टर्बो आहे, कुठेही घाला." या दोन शब्दांपायी गाडीची किंमत बरीच वर जाते. हे ज्यादा पैसे कशासाठी मोजायचे आणि मोजण्यापूर्वी काय पाहायचे, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

प्रथम हे दोन शब्द समजून घेऊ. साध्या गाडीत इंजिनचा जोर दोनच चाकांना मिळतो. फोर-बाय-फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची आणखी एक पेटी असते आणि ती हा जोर पुढच्या व मागच्या अशा दोन्ही धुऱ्यांना देते. टर्बो म्हणजे धुराच्या दाबावर फिरणारा एक लहान पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्यामुळे लहान इंजिनही मोठी ताकद देते. या दोन्ही गोष्टी एकत्र आणून जर्मनीच्या ऑडी कंपनीने 1980 साली क्वात्रो ही गाडी काढली व शर्यतीत नाव कमावले. तसल्या वेगवान मोटारींचे आपल्या भागात काम नाही. आपल्याकडे हीच जोडी थार, स्कॉर्पिओ, बोलेरो कॅम्पर अशा डिझेल गाड्यांत मिळते.

एक गोष्ट मात्र आम्हाला वारंवार दिसते. गिऱ्हाईक रंग पाहतो, टायर पाहतो, गाणी वाजतात का तेही पाहतो. पण ज्याच्यासाठी तो ज्यादा पैसे देतो, ती फोर-बाय-फोरची दांडी टाकून पाहत नाही. पहिल्या मालकाने ती वर्षानुवर्षे हलवलेली नसते, विकणारा ती दाखवीत नाही आणि घेणारा विचारीत नाही. मग पहिल्या पावसात गाडी चिखलात बसते तेव्हा समजते की, चार चाकांचे पैसे देऊन आपण दोन चाकांची गाडी आणली आहे.

गरज आहे काय?

हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा. चंद्रपूर, मूल, गडचिरोली किंवा चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा एवढीच ये-जा असेल, तर डांबरी रस्त्याला फोर-बाय-फोर लागत नाही. चांगल्या टायरची दोन चाकी जोराची पिकअप तेच काम कमी खर्चात करते. फोर-बाय-फोरमध्ये पुढचा धुरा, जादा शाफ्ट व ट्रान्स्फर केस यांचे ओझे असते. डिझेल जास्त जाते आणि दुरुस्तीची जागाही वाढते. ज्यांना एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांत आतल्या गावांना पावसाळ्यातही माल घेऊन जावे लागते, त्यांनीच या खर्चाचा विचार करावा.

आणखी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. चार चाकांचा जोर चिखलातून बाहेर पडण्यासाठी आहे, पुराशी झुंजण्यासाठी नाही. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात येते. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकते, मग ती कितीही चाकांवर चालो. पुलावरून पाणी जात असेल तर थांबणे हाच मार्ग होय.

नावावरून फसू नका

थार म्हटले की फोर-बाय-फोर, असे लोक समजतात. 2010 साली आलेली 105 अश्वशक्तीची थार सीआरडीई ही खरोखर फोर-बाय-फोर होती. पण त्याच काळातली कमी ताकदीची थार डीआय दोन चाकांच्या जोरातही मिळत असे, आणि 2020 च्या नव्या थारमध्येही जानेवारी 2023 पासून मागच्या दोन चाकांचीच एक गाडी निघाली. स्कॉर्पिओ व बोलेरो तर बहुतांशी दोन चाकी जोराच्याच विकल्या गेल्या. म्हणून गाडीचे नाव ऐकून भाव ठरवू नये. आर.सी. बुकावरचे मॉडेल वाचावे आणि गाडीखाली वाकून पुढच्या धुऱ्याकडे जाणारा शाफ्ट आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

ताडोब्यात पर्यटकांना फिरवणारी मारुती जिप्सी अनेकांच्या पसंतीची आहे. ती हलकी आहे, फोर-बाय-फोर आहे, पण पेट्रोलवर चालते आणि तिला टर्बो नाही. माल वाहणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

इंजिनचा प्रकारही पाहावा. जुन्या डीआय इंजिनाचा डिझेल पंप साधा असतो. आलापल्ली-अहेरीचा अनुभवी मिस्त्री तो हाताळू शकतो. सीआरडीई इंजिन जास्त ताकदीचे, पण त्याचा दोष शोधण्यास संगणकाचे यंत्र लागते आणि त्याचे इंजेक्टर महाग असतात. कॅनमध्ये साठवलेले पाणीमिश्रित डिझेल त्यांना मारक ठरते. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत बहुधा धुराची काजळी अडवणारा फिल्टरही असतो. रोज चार-पाच किलोमीटरच्या संथ फेऱ्या करणाऱ्याच्या गाडीत तो तुंबतो. जिथे दुरुस्ती जवळ नाही तिथे साधे इंजिन हेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

आधी गाडीने काय काम केले?

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. गाडी कोठे राबली ते विचारावे. कोळसा खाणीवर ठेकेदाराकडे चाललेल्या गाडीत काळी बारीक भुकटी हवेच्या फिल्टरपासून गालिच्याखालपर्यंत सापडते. ही भुकटी टर्बोच्या पात्यांना खाते. दुसरा धोका पुराचा. ऑगस्ट 2020 अखेर व जुलै 2022 मध्ये वैनगंगेच्या काठी मोठे पूर आले. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते. सीटचा पट्टा शेवटापर्यंत ओढून पाहावा. आत चिखलाची रेघ असेल तर ती सहसा लपत नाही. स्टेपनीच्या खाचेत व सीटखालच्या पट्ट्यांवरही गाळ आणि गंज शोधावा.

सरकारी लिलावातील गाडी स्वस्त वाटते. परंतु 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्या भंगारासाठीच आहेत. बोली लावण्यापूर्वी नोंदणीचे वर्ष वाचावे.

टर्बोची परीक्षा

1. गाडी थंड असताना पाहावी. आपण जाण्यापूर्वी सुरू करू नका, असे विकणाऱ्यास सांगून ठेवावे आणि पोचताच बोनेटवर हात ठेवून पाहावा. गरम इंजिन आपले पुष्कळ ऐब झाकते.

2. धूर पाहावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा इंजेक्टर बिघडले आहेत. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर पाणी आत जात असण्याचा संशय घ्यावा.

3. इंजिन बंद व थंड असताना मिस्त्रीकडून टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढवून घ्यावा. पंख्याचा दांडा बोटाने हलवावा. आडवा किंचित हलला तर चालते. पण आत-बाहेर सरकत असेल अथवा पाती घराला घासत असतील, तर टर्बो संपत आला आहे. हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि केवळ ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून ऑइल वेळेवर बदलल्याची बिले मागावीत.

4. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. चंद्रपूरने 48 अंशही पाहिले आहेत. त्यामुळे गाडी भर दुपारी अर्धा तास तरी चालवून तापमानाचा काटा कोठे थांबतो, ते पाहावे.

दुसऱ्या दांडीची परीक्षा

हीच खरी परीक्षा. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून गाडी वळवू नये. अशाने पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात. मोकळी माती किंवा रेती असलेली जागा निवडावी.

तेथे प्रथम गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत आणि एक पुढचे चाक जॅकवर उचलावे. इंजिन बंद आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये असू द्यावी. दांडी दोन चाकांवर असताना उचललेले चाक हाताने फिरले पाहिजे. फोर-बाय-फोरवर टाकल्यावर तेच चाक थोडे हलून अडले पाहिजे. अडले नाही, तर पुढच्या धुऱ्याला जोर पोचत नाही. चाकांच्या हबला हाताने फिरवावयाची कुलुपे असतील तर ती आधी लावावीत. आपोआप लागणारी असतील तर मातीवर गाडी थोडी पुढे नेऊन मग ही परीक्षा घ्यावी. जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

नंतर गाडी उभी करून, क्लच दाबून कमी वेगाचा 'फोर-लो' गिअर टाकावा आणि मातीच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी हळू चढवावी. दांडी आपोआप बाहेर पडत असेल तर ट्रान्स्फर केस झिजली आहे. वळताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज येतो का, गाडी उचलताना खालून ठोका बसतो का, हेही ऐकावे. पहिला दोष चाकाच्या जॉइंटचा, दुसरा बहुधा शाफ्टच्या क्रॉसचा.

शेवटी ट्रान्स्फर केस व दोन्ही धुऱ्यांच्या ऑइलचे बूच उघडून पाहावे. ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसत असेल तर आत पाणी गेले आहे. नदी-नाले ओलांडणाऱ्या गाडीत हा दोष हमखास शोधावा. चारही टायर एकाच मापाचे असावेत. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर ट्रान्स्फर केसचे आयुष्य कमी करतात.

कागदपत्रे

एम.एच. 34 चंद्रपूरची व एम.एच. 33 गडचिरोलीची नोंदणी होय. बाहेरच्या राज्यातील, विशेषतः दिल्लीकडील डिझेल गाड्या स्वस्तात येतात, कारण 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवर तेथे 2015 पासून हरित लवादाचे व पुढे सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध आले. त्या निर्बंधांत नंतर बदलही झाले. अशा गाडीस तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म 28, लागते आणि येथे कर पुन्हा भरावा लागतो. ही रक्कम आधी धरूनच भाव बोलावा. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 व 30, आणि गाडीवर कर्ज असल्यास बँकेच्या पत्रासह फॉर्म 35 घ्यावा. विमा आपल्या नावे करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करावा.

आपल्या भागात आणखी एक चौकशी आवश्यक आहे. सागवान किंवा इतर वनमाल चोरून नेताना सापडलेली गाडी 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली जप्त होते व सरकारजमाही होऊ शकते. गाडीवर असा गुन्हा प्रलंबित नाही ना, हे वनविभागाकडे व पोलिसांकडे विचारून घ्यावे. तसेच मोठे टायर, बदललेले छप्पर, वाढवलेली ताकद अशा गाड्यांपासून सावध राहावे. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला आहे. उद्या विम्याचा दावा अडेल तो याच कारणाने. खाजगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याने प्रवासी अगर माल नेता येत नाही, हेही विसरू नये.

मिस्त्रीची मजुरी, विकणाऱ्याची जबाबदारी

गाडी तपासणारा मिस्त्री आपला असावा, दलालाचा नसावा. व्यवहार होवो वा न होवो, त्याला तपासणीची पूर्ण मजुरी द्यावी. सौदा झाला तरच पैसे मिळणार असतील, तर दोष सांगण्यास जीभ अडखळते. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांनीही तपासणी हे स्वतंत्र काम मानून दोन्ही पक्षांसमोर दोष स्पष्ट सांगावेत. असा माणूस आहे हे एकदा लोकांना कळले की, गिऱ्हाईक दूरवरून येते.

आणि जे गाडी विकतात त्यांना आम्ही एवढेच सांगू की, मालाचा ऐब झाकून विकणे आपल्या दीनमध्ये निषिद्ध आहे. ट्रान्स्फर केस लागत नसेल तर तसे सांगून त्या मानाने किंमत घ्यावी. नाव बदलून देण्यातही टाळाटाळ करू नये. कागदोपत्री जो मालक असतो तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे.

घेणाऱ्याने पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. बयाणा लेखी द्यावा, त्यात सांगितलेले दोष लिहून घ्यावेत आणि काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवावी. बाजारचा दिवस चुकला तर आठवड्याची कमाई जाते, आणि मुक्कामाचे गाव आठ कोस दूर असताना गाडी जंगलात बसली तर जिवाचाही प्रश्न येतो. म्हणून रंगाकडे पाहण्यात जो वेळ जातो तो वाचवून, एक पुढचे चाक जॅकवर उचलून पाहावे. तेवढ्या वेळात चार चाकांच्या पैशाचा हिशेब लागतो.