तुरीची मर आणि घरचे बियाणे



आपल्या बीदर-कलबुर्गीच्या शिवारात फुलाला आलेली तूर कधी कधी उभ्या उभ्या वाळते. हीच 'मर'. (आमच्या हिंदी पुस्तकात तूर 'अरहर' होती, रोग मात्र तोच!) मातीतली बुरशी मुळातून शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते. अशा झाडाची साल सोलून पाहा, आत काळ्या रेषा दिसतील. बुरशी मातीत असल्याने वरून फवारून उपयोग होत नाही.

उपाय सापडला तो जुन्या बियाण्यात. हैदराबादच्या वाटेवर पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट संस्था आहे. तिथे तुरीच्या १३ हजारांहून अधिक नमुन्यांचे बी थंड खोल्यांत जपले आहे. महाराष्ट्रातल्या एका गावरान तुरीतून निवड करून तिथे 'मारुती' वाण तयार झाले व १९८६ मध्ये कर्नाटकासाठी प्रसारित झाले. मरीच्या शेतातही ते टिकले. ती गावरान तूर शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या घरी राखली होती, म्हणूनच हाती लागली.

पण हेच मारुती वांझ रोगाला सहज बळी पडते! सूक्ष्म कोळी विषाणू पसरवतात. झाड हिरवेगार राहते, शेंग मात्र धरत नाही. सगळीकडे एकच वाण पेरले तर काय होईल, पालकांनीही विचार करावा.

सुट्टीत आजीला विचारा, राखेत कालवून मडक्यात ठेवलेली जुनी तूर घरात आहे का? असल्यास मूठभर कागदी पुडीत आणा. पुडीवर गाव आणि किती वर्षांपासून घरात आहे ते लिहा. बाजारची नको.