रेशमी कापड घरी कसे धुवावे



प्रत्येकाने स्वतः केलेल्या एका कामाची माहिती भित्तिपत्रकासाठी लिहावी, असे गुरुजींनी सांगितले. मी रेशीम धुण्याची माहिती लिहीत आहे. आधी माझी चूक सांगतो, मग बरोबर रीत सांगतो.

माझी चूक

आमच्या आबांचे एक रेशमी उपरणे आहे. ते त्यांच्या लग्नातले आहे. रंग सायीसारखा आणि काठ लाल. धाकट्या आत्याच्या लग्नात कन्यादानाला आबा तेच अंगावर घेणार होते. ट्रंकेतून काढले तर त्याला कुबट वास येत होता. मला वाटलं, आपणच धुऊन ठेवू, आबा खूश होतील. घरातले सगळे शेतावर गेले होते. मी बंबातलं कढत पाणी बादलीत घेतलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, उपरणं बुडवलं, ब्रशने घासलं, करकचून पिळलं आणि तापलेल्या पत्र्यावर वाळत घातलं.

संध्याकाळी पाहतो तर काय! काठाचा लाल रंग सगळीकडे पसरला होता. चमक गेली होती. हाताला खरखरीत लागत होतं. एका जागी कापड विरलं होतं. मला रडूच आलं. आई खूप रागावली. आबा मात्र काहीच बोलले नाहीत. लग्नात त्यांनी तेच उपरणं घेतलं, पण विरलेली बाजू आत दुमडून. ते मी पाहिलं.

रेशीम म्हणजे काय?

मी गुरुजींना विचारले, "माझा सदरा तर सोड्याने स्वच्छ निघतो, मग उपरणं का बिघडलं?" गुरुजींनी उपरण्याच्या दशीचा एक धागा आणायला सांगितला. त्यांनी तो चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळला. केस जळल्यासारखा वास आला! राख बोटाने चुरली तर तिची पूड झाली. मग त्यांनी सुती धागा जाळला. त्याला कागद जळल्यासारखा वास आला. (हा प्रयोग मोठ्या माणसांशिवाय करू नये.)

गुरुजी म्हणाले, "कापूस झाडाला येतो. रेशीम अळी तयार करते." रेशमाची अळी तुतीचा पाला खाते आणि तोंडातून धागा काढून आपल्याभोवती कोष विणते. चांगल्या कोषातून सुमारे १००० मीटरपर्यंत लांब अखंड धागा निघतो. म्हणजे एक किलोमीटर! आपले केस आणि रेशीम दोन्ही प्रथिनांचे बनलेले असतात. सोड्याने प्रथिनांना इजा होते. म्हणून चमक जाते व धागा कमजोर होतो.

आजी हे ऐकून म्हणाली, "आरं, मग एवढंच ध्यानात ठेव की. जे केसाला चालतं ते रेशमाला चालतं. केसाला कधी सोडा लावतोस का? मी तर रिठ्यानंच न्हाते." मग आजीने मला रीत शिकवली.

साहित्य : ८-१० रिठे, दोन घमेली, थंड किंवा जेमतेम कोमट पाणी, सुती पंचा, अर्धे लिंबू.

कृती :

१. रिठ्यांच्या बिया काढून टाकाव्यात. टरफले रात्रभर पाण्यात भिजत घालावीत. सकाळी कुस्करून पाणी फडक्याने गाळावे. छान फेस येतो.

२. कापडाचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबावा. चिंधीला रंग लागला तर ते कापड घरी धुऊ नये.

३. घमेल्यात पाणी घेऊन त्यात रिठ्याचे पाणी मिसळावे. कापड बुडवून दोन-तीन मिनिटे हळूहळू हलवावे. घासू नये, आपटू नये, फार वेळ भिजत ठेवू नये.

४. फेस जाईपर्यंत स्वच्छ पाण्यातून काढावे. शेवटच्या पाण्यात लिंबाचे चार-पाच थेंब टाकावेत. त्याने चमक येते. नंतर एकदा साध्या पाण्यातून काढावे.

५. पिळू नये. पंचा पसरून त्यावर कापड ठेवावे, पोळीसारखी गुंडाळी करावी व हाताने दाबावे. पाणी पंचा पिऊन घेतो.

६. सावलीत, वारा असेल तिथे वाळवावे. तारेवर घालू नये, गंजाचा डाग पडतो. दोरीवर आधी सुती फडके घालावे.

७. थोडे दमट असतानाच उलट्या बाजूने कमी तापलेली इस्त्री फिरवावी.

असे का?

ओले रेशीम कोरड्या रेशमापेक्षा कमजोर असते. म्हणून पिळले की विरते. कडक उन्हाने ते पिवळे पडते. कढत पाण्याने रंग सुटतो. मी तर या सगळ्याच चुका एका दिवसात केल्या होत्या!

लक्षात ठेवा

पैठणी किंवा जरीचे भारी कापड घरी धुऊ नये. ते तालुक्याच्या गावी ड्रायक्लीनला द्यावे. ठेवताना सुती कापडात गुंडाळावे. मधून मधून घडी बदलावी, नाहीतर घडीवरच फाटते.

पुढे काय झाले?

लग्नानंतर आत्या माहेरी आली. तिच्याजवळ सासरहून मिळालेला निळा रेशमी रुमाल होता, डोक्याला बांधायचा. त्यावर सरबत सांडलं. आई म्हणाली, "आण, मी धुते." पण आत्या म्हणाली, "नको वहिनी, हाच धुईल. आता त्याला येतं."

माझे हात थरथरत होते. पण मी एक एक पायरी आठवून धुतला. रंग गेला नाही. वाळल्यावर हातात घेतला तर सापासारखा सुळकन सरकला! आबांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "बेस झालं." मग त्यांनी ट्रंकेतून आपलं उपरणं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "आता ह्येबी रिठ्यात घाल एकदा."

चमक परत आली नाही. पण कुबट वास गेला. विरलेल्या जागी आजीने रेशमी धाग्याने रफू केले. ते उपरणे आबा आता एकादशीला घेतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे जुने रेशमी कापड असेल, तर आधी विचारा, मगच धुवा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी