नाणेघाटातला वारा आणि इंजिनाचं तोंड

व्हायव्हात सरांनी विचारलं, "जेट इंजिनाला इनलेट कशासाठी असतं?" मी ठोकून दिलं, "हवा जोरात आत ढकलायला, सर!" सर नुसते हसले आणि पुढचा रोल नंबर पुकारला. उत्तर कुठे चुकलं ते जुलैमध्ये हॉस्टेलच्या ट्रेकला कळलं.

मंचर, नारायणगाव, जुन्नर करत आम्ही नाणेघाट गाठला. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि घाटाच्या चिंचोळ्या नळीतून वर घुसतो. जागा कमी, म्हणून वेग जास्त. कड्यावरून पडणारं पाणीसुद्धा उलटं वर उडतं! पठारावर मोकळं झालं की तोच वारा मंदावतो. क्षेत्रफळ गुणिले वेग कायम, हे फर्स्ट इयरचं सूत्र तिथे अंगावर आलं.

आता इंजिनाचं बघा. प्रवासी विमान ध्वनीच्या साधारण ०.८ पट वेगानं उडतं. कॉम्प्रेसरची पाती आधीच गरगरत असतात. त्यांना हवा साधारण ०.५ पट वेगानं मिळाली तर सोसते. म्हणून इनलेटची नळी आत हळूहळू रुंद होते. हवेचा वेग उतरतो, दाब चढतो. म्हणजे माझं उत्तर चक्क उलटं होतं!

पण यात एक मेख आहे. घाटात मोठ्या खडकाच्या आडोशाला उभं राहिलो, तर वारा भोवऱ्यासारखा फिरून रेनकोट चारी बाजूंनी फडफडवत होता. नळी एकदम रुंद केली तर असेच भोवरे आत होतात. काही पात्यांना चांगली हवा, काहींना विस्कटलेली. मग पाती स्टॉल होतात, दाब टिकत नाही आणि आतली हवा धाडकन उलटी पुढे येते. याला सर्ज म्हणतात. टेकऑफला असं झालं तर जिवाशीच गाठ.

उपाय साधे आहेत. इनलेटचा ओठ जाड आणि गोल ठेवतात, कारण टेकऑफला इंजिन आजूबाजूचीही हवा ओढतं. लढाऊ विमानात बाजूचं इनलेट अंगापासून थोडं सुटं ठेवतात. विमानाला घासून दमलेला हवेचा थर त्या फटीतून निघून जातो. काही नळ्यांत छोटी पाती बसवतात. ती वेगवान हवा भिंतीजवळ आणतात.

ध्वनीच्या दुप्पट वेगाला प्रश्न आणखी अवघड. हवा एकाच सरळ शॉकमधून गेली तर एकूण दाबापैकी जेमतेम ७२ टक्के उरतो. आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनलेल्या मिग-२१ च्या नाकात पुढे-मागे सरकणारा शंकू होता, तो याचसाठी. आधी तिरका शॉक, मग सौम्य सरळ शॉक, त्यामुळे नुकसान कमी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हे विमान हवाई दलातून निवृत्त झालं. शंकूचा धडा मात्र सिलॅबसमध्ये आहेच.

तर सर, दुरुस्त उत्तर: इनलेट हवेला हळू करतं, सगळीकडे सारखी करतं आणि मगच इंजिनाच्या हवाली करतं. आता निदान अर्धा मार्क तरी द्याल ना?