सागाचे बी आणि मोहाचे बी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत तर तो एकच जिल्हा होता. परंतु जंगलात लावायचे रोप कोठे आणि कसे तयार होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. माझी माय गावाजवळच्या रोपवाटिकेत रोजीने जाते. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण या विषयात मायच माझी गुरू. तिच्याकडून कळलेले आणि पुस्तकांतून पडताळलेले येथे मांडते.

सागाच्या फळाचे कवच फार टणक असते. आत चार कप्पे असले तरी बी बहुधा एक-दोनच भरते. ते तसेच पेरले तर रुजण्यास फार वेळ लागतो. म्हणून फळे रात्री पाण्यात भिजवून दिवसा उन्हात वाळवतात. असे आठ-पंधरा दिवस केल्यावर उन्हाळ्यात वाफ्यांत पेरणी होते. पुढच्या वर्षी रोप उपटून खोडाचा दोन बोटे आणि मुळाचा वीतभर भाग ठेवतात, बाकीचा छाटतात. हीच सागजडी. तिला पाने नसल्यामुळे तिच्यातील ओल लवकर उडत नाही. मृग कोरडा गेला तर जड्या सावलीत कोरड्या वाळूत पुरून काही दिवस वाट पाहता येते.

मोहाचे गणित उलटे आहे. टोळ पिकते ती जून-जुलैत. बी तेलकट असून काही आठवड्यांतच त्याची रुजण्याची शक्ती जाते. म्हणून ते ताजेच पिशवीत टोचावे लागते. त्याच वेळी झड लागली तर कोवळी रोपे बुडाशी कुजून माना टाकतात. उघडीप पडली तर झारी हाती घ्यावी लागते. जुलै २०२२ मध्ये आपल्याकडे पूर आले. तशा पावसात पिशव्यांची भोके मोकळी ठेवून पाण्याला वाट करून देणे फार महत्त्वाचे ठरते.

शिवाय हे रोप पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगवायचे, म्हणजे पारा ४६-४७ अंशांवर नेणारा मे महिना ओलांडायचा. सोटमूळ पिशवीतून जमिनीत शिरू नये म्हणून पिशव्या अधूनमधून हलवायच्या. लावणीपूर्वी सावली आणि पाणी हळूहळू कमी करून रोप काटक करायचे. पाऊस लांबला तर त्याला जडीप्रमाणे वाळूत ठेवता येत नाही.

साग असा सोयीचा आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या लागवडीतही सागावरच भर राहिला. मोहफुलांवर मात्र आपल्या भागातील कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो, आमचाही निघतो. फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यात उगवलेली रोपे जळतात. टोळ तेलासाठी घरी येते. मग जुना मोह पडल्यावर त्याच्या जागी नवा येणार कोठून?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी येत्या पावसाळ्यात ताजी टोळ आणून आठवड्याच्या आत महाविद्यालयाच्या आवारात शंभर पिशव्या भराव्यात, अशी माझी सूचना आहे. मात्र पुढच्या मे महिन्यात, सुट्टीत, पाणी कोण घालणार याची पाळी आधी ठरवावी आणि मगच बी टोचावे.