नुसतं खेळवतात, लिहायला कधी शिकवणार?

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो. शाळेने ऑक्युपेशनल थेरपी सुचवली. पण तिथे तो झोके घेतो, शिडीवर चढतो, मातीत खेळतो. याचा उपयोग काय?

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण तिथे लिहिण्याचीच तयारी चालली आहे. पेन्सिल बोटांत असली, तरी तिला आधार लागतो तो स्थिर खांद्याचा, मनगटाचा आणि ताठ पाठीचा. शिडी चढताना तो मिळतो. चिकणमातीत लपवलेले मणी चिमटीने काढताना अंगठा आणि तर्जनी एकजुटीने काम करायला शिकतात. हेच ‘व्यायाम’ म्हणून सांगा, मूल लगेच कंटाळेल. खेळात ते आपणहून पुन्हापुन्हा करतं. झोका तोल आणि हालचालीची जाणीव जागी करतो. अमेरिकन थेरपिस्ट जीन एअर्स यांनी संवेदनांचा मेळ आणि शिकणं यांचा संबंध १९७२ साली पुस्तकात मांडला, त्यातून ही पद्धत पुढे आली.

घरी पाटी टेबलावर न ठेवता भिंतीला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. मनगट आपोआप योग्य कोनात वळतं. खडूचा अगदी छोटा तुकडा द्या, म्हणजे तो मुठीत धरताच येत नाही. मटार सोलू द्या, कणीक मळू द्या, सागरगोटे खेळा. शुद्धलेखनाची पानं मात्र सध्या थांबवाच, असं मला कळकळीने वाटतं.

थेरपिस्टना प्रत्येक खेळाचा हेतू आणि तीन महिन्यांचं उद्दिष्ट जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.