ताई, ग्रुप बंद करू का?

अगं, तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला. ‘ताई, ग्रुप बंद करू का?’ एवढंच. खाली पाच मिनिटांनी, ‘झोपली असशील तर राहू दे.’ झोपले नव्हते. उत्तर मुद्दामच दिलं नाही. माणूस रडवेला झालेला असतो तेव्हा त्याला हो म्हणणंही चूक आणि नाही म्हणणंही. आता सकाळ आहे, घरातली माणसं सोयाबीनच्या फवारणीला गेलीत, चहा झालाय. तूही पोरांचे डबे भरून झाले की मगच वाच.

आधी थोडं मागचं बोलू. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तू हा ग्रुप काढलास तेव्हा त्यात तुझ्या गल्लीतल्या वीस-बावीस बायका होत्या. पाटणी चौकातलं कोणतं दुकान किती वाजेपर्यंत उघडं, भाजीचा गाडा आज कुठे येणार, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कुणाकडे शिल्लक आहेत, एवढंच त्यात चालायचं. एकीला रात्री रक्त लागलं आणि दोघींचे नवरे तासाभरात दवाखान्यात जाऊन उभे राहिले, ते मी कधी विसरणार नाही. मग रिसोडची कुणाची नणंद आली, मालेगावची मावसबहीण आली, पुढे कारंजा, मंगरुळपीर, मानोरा, असे करता करता वाशीम जिल्ह्याचे सहाही तालुके झाले. तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसंच मावायची, म्हणून तू एकाचे तीन केलेस. २०२२ मध्ये ती मर्यादा १०२४ पर्यंत गेली आणि तू तिन्ही एकत्र केलेस. माझ्या मते दुखणं तिथूनच सुरू झालं. तीन ओसऱ्यांवर बसलेल्या बायका एका मैदानात आल्या, आणि ओसरीवरचं बोलणं मैदानात कुणी बोलत नाही. मैदानात ओरडतात, नाहीतर गप्प बसतात. तुझ्या ग्रुपात आज दहा-बारा जणी ओरडतात आणि सातशे गप्प आहेत.

मी असाच एक ग्रुप चालवला होता, पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या आयांचा. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे. एका रात्री दोघींचं वाजलं, मला नको ते ऐकावं लागलं, आणि मी तडक ग्रुप सोडला. वाटलं, सुटले. सकाळी कळलं की ॲडमिन मी एकटीच होते, आणि एकटा ॲडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप उरलेल्यांतल्या कुणाला तरी आपोआप ॲडमिन करतं. ती बिचारी मंगरुळपीरकडची, नुकतीच बाळंत झालेली. रात्रीतून तिच्या माथी शंभर जणींचं भांडण आलं. तिची माफी मागायला मला सहा महिने लागले. म्हणून सांगते, नुसतं निघून जाऊ नकोस. आपण गेल्याने ग्रुप बंद होत नाही, बेवारस होतो.

आपल्याकडे भिशी कशी असते आठव. बारा जणी, बारा महिने. शेवटचा नंबर लागला, चहा-चिवडा झाला, की भिशी संपली. कुणी रडत नाही, कुणी विचारत नाही की कुणाचं काय चुकलं. ज्यांना हवं त्या पुढच्या महिन्यापासून नवी धरतात. बचत गटाचं तसं होत नाही. गट मोडतो, आणि मोडला की वर्षानुवर्षं दोन घरं एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात नाहीत. दोन्हीकडे पैसाच असतो, बायकाही त्याच असतात. पण भिशीचा शेवट पहिल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक असतो, आणि गट मोडतो तेव्हा बहुतेक वेळा वहीच उघडून वाचलेली नसते. तुझ्या ग्रुपाला शेवट ठरवलेला नव्हता. लॉकडाऊन उठला तेव्हा आपल्यापैकी कुणीच म्हटलं नाही की ज्यासाठी जमलो ते काम झालं. तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता म्हणता येईल.

पोलिसांच्या भीतीने मात्र हे करू नकोस. तुझ्या यजमानांनी परवा घातलेली भीती मी ऐकली, ‘कुणी काही टाकलं तर ॲडमिनला उचलतात.’ त्यांना सांग, आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाकडच्या एका प्रकरणात यावर निकाल दिला आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, ॲडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, असं न्यायालयाने म्हटलं. दोघांनी संगनमताने काही केल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा परवाची ती दोन समाजांत तेढ लावणारी चित्रफीत तू पाहिलीस, लगेच काढून टाकलीस, पाठवणारीलाही काढलंस, हे योग्यच झालं. त्यावरून रात्रभर जागायचं कारण नाही. पण असं दर आठवड्याला करावं लागत असेल तर तू ग्रुप चालवत नाहीस, राखण करतेस. आणि ही राखण तू नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सगळं सांभाळून, एका पैशाशिवाय पाच-सहा वर्षं केलीस. ही गोष्ट कुणी तुला बोलून दाखवली नाही, म्हणून मी दाखवते.

तुला वाटतं, बंद केलं तर लोक काय म्हणतील. थोडे दिवस म्हणतील. मला काळजी आहे ती कुरडया-पापडवालीची. नवरा गेल्यावर तिचं घर उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तुझ्या ग्रुपावरच्या ऑर्डरींवर उभं राहिलं. पुसद नाक्याकडची शिवणकामवाली, ती मसाले करणारी, घरी शिकवण्या घेणारी पोरगी, यांच्यासाठी तो ग्रुप म्हणजे आठवडी बाजारातली जागा आहे. बाजार उठवायचा तर दुकानं मांडणाऱ्यांना आधी सांगावं लागतं. अशा सात-आठ जणी असतील. त्यांना एकदा घरी बोलाव. फोनवर दुकानाचं वेगळं खातं काढून त्यात मालाचे फोटो आणि भाव कसे लावायचे ते तुझी मोठी लेक एका दुपारी शिकवेल. त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्याकडे उतरवून दे, मात्र त्या गिऱ्हाइकांना विचारून.

अशा गोष्टी लोक कशा बंद करतात ते बघ. ऑर्कुट आठवतं? कॉलेजात असताना आपण दोघी त्यावर किती वेळ घालवायचो. गूगलने ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं, पण सांगितलं होतं ३० जूनला. तीन महिने लोक आपापले फोटो, लिहिलेलं उतरवून घेत होते. एवढी मोठी कंपनी, तिनेही एका रात्रीत दार लावलं नाही. आणि सगळंच संपवावं लागतं असंही नाही. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद झालं, पण ‘मौज’चा दिवाळी अंक निघत राहिला. रोजचा व्याप गेला, वर्षातून एकदा भेट राहिली. तुलाही संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवता येईल. त्याला सातशे येणार नाहीत, साठ येतील. त्या साठच खऱ्या तुझ्या.

आता ग्रुपात जे साठलं आहे त्याचं. आपण वाशीमच्या बायका, आपल्याला हे कळायला हवं. आपलं गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म. तिथे वाकाटकांची शाखा ज्याने स्थापली त्या सर्वसेन राजाने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं होतं. ते आज नाही. पुढच्या ग्रंथकारांनी आपल्या लिखाणात घेतलेले तुकडे तेवढे उरले. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्यात जैन भांडारांनी पोथ्या नीट बांधून ठेवल्या, म्हणून पुष्पदंताची हजार वर्षांपूर्वीची अपभ्रंश काव्यं १९३० नंतरच्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेत छापून आली. तुझ्या ग्रुपातलं काही त्या तोलाचं आहे असं मी म्हणत नाही. पण पाणी आठ-दहा दिवसांनी येतं तेव्हा ते कसं पुरवायचं, कोणता कागद कोणत्या टेबलावर मिळतो, दाढ काढताना कोणता डॉक्टर नीट भूल देतो, वाळवणाचं प्रमाण काय, हे बायकांनी बायकांना सांगितलेलं शहाणपण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. ते वेचून एका वहीत उतरव. दोघी-तिघींना हाताशी घे, आठवडाभराचं काम आहे.

पण सगळं उतरवू नकोस. कुणी नवऱ्याच्या दारूबद्दल लिहिलं, कुणी गर्भ पडल्याचं लिहिलं, एकीने तर रात्री तीनला लिहिलं होतं की जगावंसं वाटत नाही, आणि तू सकाळी सहाला तिच्या दारात होतीस. हे त्यांनी त्या रात्रीपुरतं आपल्या ओटीत टाकलं होतं. ते वहीत जायचं नाही, पूर्ण चॅट उतरवून कुणाला पाठवायचं नाही. ग्रुप गेला तरी प्रत्येकीच्या फोनात जुने मेसेज राहणारच आहेत, म्हणून शेवटच्या निरोपात विनंती कर की हे आपल्यापाशीच ठेवा. आणि त्या रात्री तीनला लिहिणारीकडे तुझा नंबर राहू दे. तिच्यापुरता ग्रुप कधीच बंद होत नाही.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. बंद कर. तू थकलीस एवढ्यावर म्हटलं असतं तर दुसरीच्या हाती दे म्हणाले असते, भांडणापुरतं असतं तर महिनाभर ‘ओन्ली ॲडमिन’ करून बघ म्हणाले असते. तेही तू दोनदा करून बघितलंस. ज्यासाठी हा ग्रुप जन्मला ते काम होऊन गेलं आहे आणि जे उरलं त्याला तुझी गरज नाही. पण आज नको. सोयाबीन घरात येऊ दे, सोंगणीच्या दिवसांत कुणालाच डोकं नसतं. भाऊबीजेची तारीख धर. ती आजच जाहीर कर, म्हणजे सगळ्यांना अडीच-तीन महिने मिळतील. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचे आभार मान, रक्ताला धावून गेलेल्यांची नावं घे, मग एकेकीला काढ आणि सगळ्यात शेवटी तू बाहेर पड. सातशे जणींना काढायला वेळ लागेल. मी येते त्या दिवशी, दोघी मिळून बसू.

मात्र ग्रुपावर तारीख टाकण्याआधी, आज दुपारीच, त्या कुरडयावालीकडे जा. फोन नको, घरी जा. तिला हे तुझ्या तोंडून कळू दे.