महापूर आणि स्वयंसेवक : चाळीस ते पंचेचाळीस फुटांमधील अवधी

पावसाळ्यात कृष्णाकाठचे लक्ष सांगलीच्या आयर्विन पुलाकडे लागलेले असते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. त्याच महापुरात, ८ ऑगस्ट रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे बसलेली होडी उलटून स्त्रिया व बालकांसह अनेकांना प्राणांस मुकावे लागले.

मदतीस धावणाऱ्यांची आपल्याकडे वाण नसते. होडीत आता आणखी कोणी चढू नये, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, एवढे मात्र ठरलेले नसते. स्वयंसेवक मंडळाने पावसाळ्यापूर्वीच ती व्यक्ती मुक्रर करावी.

दुसरे काम रुग्णांच्या गल्लीवार यादीचे. दिवस भरत आलेल्या गर्भवती आणि अंथरुणास खिळलेले वृद्ध सहज आठवतात. डायलिसिसवरील रुग्ण चालताफिरता असल्याने विसरला जातो. त्याला बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा उपचार लागतात. रस्ते काही दिवस बंद राहिले, तर घरात पाणी न शिरताही त्याच्या जिवावर बेतते. अशांना ४० फुटांवरच, सखल गावांत त्याहूनही आधी, रस्ता उघडा असताना औषधे व केसपेपरसह रुग्णालयाजवळ हलवावे. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक रुग्णालयात असावी.